'रेसिस्ट' लिहू की 'बायस्ड'?

ताई,
मी काटोलची. शिक्षण मराठी माध्यमात झालं. दोन वर्षांपासून नागपुरात एका खासगी कंपनीत आहे. मीटिंगमध्ये मी 'रिपोर्ट करून राहिली' असं काही बोलले की आमचे टीम लीडर तेच वाक्य माझ्यासारखा हेल काढून पुन्हा म्हणतात. आता चार-पाच जण मला 'राहिली मॅडम' म्हणूनच हाक मारतात. दोनदा क्लायंटच्या कॉलमधून माझं नाव काढलं. 'तुझी भाषा तिथे चालायची नाही' म्हणाले. कॉल इंग्रजीत असतो, आणि माझा इंग्रजीतला इंटरव्ह्यू त्यांनीच घेतला होता. मागच्या महिन्यात डबा खाताना सगळ्यांसमोर त्यांनी माझं आडनाव दोनदा विचारलं, वडील काय करतात ते विचारलं, आणि म्हणाले, 'अच्छा, म्हणजे तुला कॉलेजची फी वगैरे नसेलच.' त्या रात्री मी एचआरला ईमेल लिहिला. त्यात 'रेसिस्ट', 'कम्युनल', 'पार्शल' हे शब्द होते, 'ही इज प्रेज्युडिस' असं होतं, आणि 'मी बॅकवर्ड आहे म्हणून असं करतात' असंही होतं. उत्तर आलं की इथे रेसिझम किंवा कम्युनल असं काही आढळत नाही, कृपया योग्य शब्दांत तक्रार करा. मैत्रीण म्हणते ॲट्रॉसिटी लाव. दुसरी म्हणते आता संपलं सगळं. नेमका शब्द कोणता होता? आणि माझी तक्रार वाया गेली का?
— एक वाचक, नागपूर
(तळटीप: बाकीचे शब्द पण सांगा.)

तू ताई म्हटलंस, म्हणून मीही अहो-जाहो न करता लिहिते.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. तक्रार वाया गेलेली नाही. एचआरचं उत्तर पुन्हा एकदा वाच. 'असं घडलं नाही' हे वाक्य त्यात कुठेच नाही. तू दिलेली नावं बसत नाहीत, एवढंच त्यांनी म्हटलंय. मीटिंग, कॉल आणि डब्याची वेळ या तिन्ही गोष्टींना त्यांनी हात लावलेला नाही. मी नागपुरात बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. अपमान झालेला माणूस परक्या भाषेत लिहायला बसला की हाताशी असलेला सगळ्यात जड शब्द उचलतो, हे मी मुलामुलींच्या अर्जांत पुष्कळदा पाहिलंय. त्यात तुझा दोष नाही. पण समोरच्याला त्या एका शब्दावर बोट ठेवून बाकीचं सगळं बाजूला सारता येतं. तुझ्या बाबतीत तेच झालं, आणि ते मला फार लागलं.

आता एकेक शब्द घेऊ.

'रेसिस्ट'पासून. रेस म्हणजे वंश. कातडीचा रंग, चेहऱ्याची ठेवण, मूळ देश यांवरून माणसाला कमी लेखलं की इंग्रजीत त्याला रेसिझम म्हणतात. आपल्या शहरांत शिकायला आलेल्या ईशान्येकडच्या मुलामुलींना रस्त्यावर ज्या नावांनी हाका मारतात, तो उघड रेसिझम आहे. तुझे टीम लीडर आणि तू यांच्यात तसा वंशाचा मुद्दा नाही, म्हणून रोजच्या अर्थाने एचआरचं म्हणणं बरोबर ठरतं. पण हा शब्द आपल्याकडे अगदीच परका आहे, असंही समजू नकोस. जात म्हणजे वंश नव्हे, एकाच वंशाच्या लोकांची ती समाजाने केलेली वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात मांडलं होतं. ते भाषण त्यांना देता आलं नाही, त्यांनी ते छापलं. पुढे १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा वंशभेदविरोधी करार झाला. त्याच्या व्याख्येत वंश आणि रंगाच्या जोडीला 'डिसेंट', म्हणजे जन्माने येणारं कूळ, हा शब्द आहे, आणि तो भारताच्याच सूचनेवरून आला. मग २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला संयुक्त राष्ट्रांची वंशभेदविरोधी परिषद भरली, तेव्हा प्रश्न उभा राहिला की 'डिसेंट'मध्ये जात येते का. दलित संघटना म्हणाल्या येते, आपलं सरकार म्हणालं येत नाही. कराराच्या समितीने २००२ मध्ये येते असं सांगितलं. म्हणजे तू रात्री एकटीने ज्या शब्दाशी झटलीस, त्यावर सगळं जग भांडलेलं आहे. तरी ऑफिसच्या कागदावर सरळ शब्द असताना हा आडवळणाचा कशाला? 'कास्टिस्ट रिमार्क' आणि 'कास्ट डिस्क्रिमिनेशन' हे शब्द आता इंग्रजीत पक्के बसलेत. अमेरिकेतल्या सिॲटल शहराने २०२३ मध्ये भेदभावबंदीच्या कायद्यात 'कास्ट' हा शब्द घातला. तिथे तो शब्द कळतो, तर नागपुरातल्या एचआरला कळायला हरकत नाही.

'कम्युनल' मात्र काढूनच टाक. भारताबाहेर या शब्दाचा अर्थ सामायिक असा होतो. लंडनच्या वसतिगृहातलं कम्युनल किचन म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायचं स्वयंपाकघर. धर्माधर्मांतल्या तेढीचा अर्थ त्याला इथे चिकटला, इंग्रजांच्या काळात. १९३२ चा 'कम्युनल अवॉर्ड' तू शाळेच्या इतिहासात वाचला असशील. तुझ्या प्रकरणात धर्म कुठेच आलेला नाही. 'पार्शल'चंही तसंच. आपण 'मॅडम पार्शालिटी करतात' असं लहानपणापासून म्हणतो, पण बाहेरच्या वाचकाला पार्शल म्हटलं की आधी अर्धवट हा अर्थ आठवतो. मर्जीतल्यांना झुकतं माप देण्याला फेवरिटिझम म्हणतात. पण तुझी तक्रार त्यांनी दुसऱ्यावर मेहेरबानी केली अशी नाहीच. तुला वगळलं, अशी आहे.

आता मुख्य तीन: प्रेज्युडिस, बायस, डिस्क्रिमिनेशन. पेपरात, भाषणांत आणि ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये हे तिन्ही एकाच पोत्यात भरतात, आणि घोळ तिथे होतो.

प्रेज्युडिस हा लॅटिनमधून आलेला शब्द. 'आधी' आणि 'निवाडा' हे त्याचे दोन तुकडे. पुरावा पाहायच्या आधीच लावलेला निकाल. आपला 'पूर्वग्रह' त्याच्या अगदी जवळचा. हा मनात राहतो. एखाद्याच्या मनात वर्षानुवर्षं पूर्वग्रह असेल आणि त्याने तो कधी कृतीत आणलाच नाही, तर तो प्रेज्युडिस्ड आहे, पण त्याने भेदभाव केला असं म्हणता येणार नाही. व्याकरणाचंही इथेच सांगते, कारण ही चूक मी मोठ्या पदावरच्या लोकांच्या पत्रांतही पाहिलीये. 'ही इज प्रेज्युडिस' असं होत नाही, 'प्रेज्युडिस्ड' हवं. 'बायस्ड'ला पण तोच शेवटचा ड लागतो. बोलताना तो ऐकू येत नाही, म्हणून लिहिताना सुटतो. आणि एचआरच्या किंवा वकिलाच्या पत्रावर 'विदाउट प्रेज्युडिस' असं कधी दिसलं, तर त्याचा पूर्वग्रहाशी काही संबंध नाही. 'आमच्या हक्कांना बाधा न येता' असा तो कायद्यातला वापर आहे. ते वाचून आपल्यालाच टोमणा मारलाय असं वाटू देऊ नकोस.

बायस कळायला मला माझी आई उपयोगी पडली. ती घरी शिवणकाम करायची. ब्लाउजच्या गळ्याला लावायची पट्टी ती कापडाच्या उभ्या धाग्यावर कधी कापायची नाही, कापड कोनात दुमडून तिरपी कापायची. उरेब पट्टी. सरळ कापलेली पट्टी गोल गळ्यावर चुण्या पाडते, तिरपी कापलेली गोलाईबरोबर वळते, कारण तिरकं कापड ओढलं की ताणतं. या उरेबलाच इंग्रजीत बायस म्हणतात. फ्रेंचमधून आलेला, तिरकेपणाचा शब्द. मनाचा बायसही असाच असतो. माणूस वाईट असलाच पाहिजे असं नाही, पण ओढलं की एका बाजूला ताणला जातो, आणि पुष्कळदा त्याचं त्यालाही कळत नाही. म्हणून बायस हा प्रेज्युडिसपेक्षा सौम्य शब्द आहे. कंपन्यांना तो आवडतो त्याचं कारणही तेच. 'अनकॉन्शस बायस' म्हटलं की एक ट्रेनिंग ठेवता येतं, सगळे सही करतात आणि विषय मिटतो. माझं स्पष्ट मत आहे की तक्रारदाराने हा शब्द स्वतःहून देऊ नये. त्यांना वापरायचा असेल तर ते वापरतील.

डिस्क्रिमिनेशन ही कृती आहे. मुळात या शब्दात वाईट असं काही नव्हतं. वेगळं ओळखणं, पारखणं, एवढाच अर्थ. आजही 'डिस्क्रिमिनेटिंग रीडर' म्हणजे चोखंदळ वाचक, कौतुकच. म्हणून पुढे कोणता शब्द येतो ते महत्त्वाचं. 'डिस्क्रिमिनेट बिट्वीन' म्हणजे दोन गोष्टींतला फरक ओळखणं. 'डिस्क्रिमिनेट अगेन्स्ट' म्हणजे कुणाला वेगळं काढून त्याचं नुकसान करणं. राज्यघटनेच्या १५ व्या कलमाच्या इंग्रजी मजकुरात 'अगेन्स्ट'च आहे: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्याच कारणावरून राज्य कोणत्याही नागरिकाविरुद्ध भेदभाव करणार नाही. पण तिथे 'राज्य' असं लिहिलंय, हे लक्षात घे. खासगी कंपनीतल्या टीम लीडरवर 'कलम १५ मोडलं' असं लिहिलंस तर एचआरला पुन्हा तुझ्या शब्दावर बोट ठेवता येईल. त्याऐवजी कंपनीच्या स्वतःच्या नियमपुस्तिकेत समान संधीबद्दल आणि छळाबद्दल काय म्हटलंय ते शोध, आणि त्यातलाच शब्द वापर. आपलाच शब्द त्यांना नाकारता येणार नाही.

तर कॉलमधून तुझं नाव काढणं हे डिस्क्रिमिनेशन. टीम लीडरच्या मनात काय आहे ते तुला सिद्ध करता यायचं नाही, करायला जाऊही नकोस. पण दोन कॉलच्या तारखा आहेत, कॅलेंडरवरचं निमंत्रण आहे, आणि कारण म्हणून त्यांनी उच्चारलेलं वाक्य आहे.

डब्याच्या वेळचं वाक्य मात्र वेगळ्या जातीचं आहे, आणि त्यावर मला थोडं थांबायचंय. आडनाव दोनदा विचारायचं, वडिलांचा धंदा विचारायचा, आणि दोन उत्तरांवरून तुझ्या शिक्षणाचा सगळा हिशेब मांडून मोकळं व्हायचं. याला स्टिरिओटाइप म्हणतात. हा शब्द छापखान्यातला आहे. शिशाचे खिळे एकेक जुळवून पान तयार व्हायचं, आणि हवं तेव्हा एखादा खिळा काढून चूक दुरुस्त करता यायची. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये जुळवलेल्या पानाचा साचा घेऊन त्यावरून धातूचा अख्खा पत्रा ओतायची रीत आली. त्या पत्र्याचं नाव स्टिरिओटाइप. त्यावरून हजारो प्रती निघायच्या, पण त्यातलं एक अक्षरसुद्धा जागचं हलवता यायचं नाही. माणसांबद्दलच्या ठरीव चित्राला हा शब्द लावणं रूढ झालं ते १९२२ नंतर, वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकारामुळे. टीम लीडरने तुझं आडनाव ऐकलं आणि मनातला ओतीव पत्रा छापून टाकला. तुझी फी कुणी भरली, वडिलांनी कर्ज काढलं की शिष्यवृत्ती मिळाली, हे विचारायची गरजच त्यांना वाटली नाही. शिष्यवृत्ती मिळाली असेल तर तो तुझा हक्क होता, त्यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. तू ईमेलमध्ये त्याचा खुलासा करत बसली असशील तर तेवढा परिच्छेद काढून टाक. तो प्रश्नच त्यांच्या अखत्यारीतला नव्हता.

'मी बॅकवर्ड आहे' हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं. कायद्याच्या भाषेत 'अदर बॅकवर्ड क्लासेस' हे एका प्रवर्गाचं नाव आहे, तिथे तो शब्द तसाच राहील. पण इंग्रजीत एका माणसाला बॅकवर्ड म्हणणं हा अपमान आहे, आणि तो तू स्वतःलाच केलास. प्रवर्गाचं नाव सांगायचंच असेल तर प्रमाणपत्रावर आहे तसं पूर्ण सांग. नावं बदलतात, आणि ती सोसणारी माणसंच बदलायला लावतात. याची एक खूण आपल्याच शहरात आहे. इंग्रज सरकार 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणायचं. ८ ऑगस्ट १९३० ला नागपुरात भरलेल्या परिषदेच्या नावात हाच शब्द होता, अध्यक्ष बाबासाहेब. जुलै १९४२ मध्ये पुन्हा नागपुरातच परिषद झाली, तेव्हाही नावात डिप्रेस्ड क्लासेस. पण त्या परिषदेतून जो पक्ष उभा राहिला, त्याचं नाव शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन ठेवलं गेलं. दबलेले, खचलेले असं सांगणारं नाव मागे पडलं आणि कायद्याच्या यादीतलं, हक्क मागता येईल असं नाव पुढे आलं. दीक्षाभूमीचं १९५६ तुला ठाऊकच आहे. हे १९४२ ही आठवणीत ठेव.

आता ॲट्रॉसिटी. मराठीत हा शब्द इतका रुळलाय की 'लावणे' हे क्रियापदही त्याला मिळालं. पण इंग्रजीत ॲट्रॉसिटी म्हणजे कत्तलीसारखं भयंकर क्रौर्य. एचआरला 'आय विल फाइल ॲट्रॉसिटी' असं लिहिलं तर वाचणारा गोंधळेल. कायद्याचा उल्लेख करायचाच झाला तर 'अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम' असा पूर्ण नावाने आणि १९८९ या सालासकट कर. तो करावा का, हे मी इथून सांगू शकत नाही. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची असावी लागते आणि करणारा त्या बाहेरचा. तू कोणत्या प्रवर्गातली हे पत्रात नाही, आणि मला ते कळायची गरजही नाही. चारचौघांसमोर हेतुपुरस्सर केलेला अपमान त्या कायद्यात येतो, जातीचं नाव घेऊन केलेली शिवीगाळही येते. नुसतं आडनाव विचारणं त्यात बसेल का, हे वकिलाने घटना ऐकून सांगायचं. त्यासाठी पैसे नसतील तरी अडू नकोस. १९८७ च्या कायद्याने बाईला, मग ती कुठल्याही जातीची असो, मोफत विधी सल्ला मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा. मैत्रिणीचं ऐकून घाईने काही करण्याआधी तिथे एक चक्कर मार.

उरली 'राहिली मॅडम'. एकदा ऐकलं तर सोडून देता येईल असं वाटतं, पण रोज ऐकून माणूस बोलायचंच बंद करतो. अशा बारीक बारीक, पुन्हा पुन्हा होणाऱ्या घावांसाठी चेस्टर पिअर्स या कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञाने १९७० मध्ये 'मायक्रोॲग्रेशन' हा शब्द आणला, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं रोजचं जगणं समोर ठेवून. तुझ्यावर बेतलेलं तेच आहे. तरी ईमेलच्या विषयात तो घालू नकोस. 'मायक्रो' वाचून लोक 'छोटीशी गोष्ट' एवढंच उचलतात. त्यापेक्षा 'रिपीटेड मॉकरी ऑफ माय स्पीच' लिही आणि महिन्यात किती वेळा झालं ते सांग. वारंवारता दाखवली की 'हॅरासमेंट' हा शब्द लिहायला आधार मिळतो. भाषेवरून भेदभाव करण्याला 'लिंग्विसिझम' असा शब्द आहे, पण तो अभ्यासकांपुरता. तुझ्या एचआरला पुन्हा शब्दकोश उघडायला लावायचा नाहीये.

आणि 'करून राहिली' चूक आहे, असं तुला कुणी सांगितलं? नागपूर आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, आणि मग १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी आणि मराठी इथे एकाच अंगणात वाढल्या. हिंदीतलं 'कर रही हूँ' आणि आपलं 'करून राहिली' समोरासमोर ठेव, घडण तीच दिसेल. ही चालू काळाची इथली रचना आहे, तिला तिचे नियम आहेत. मीही घरी असंच बोलते.

तू 'बाकीचे शब्द पण सांगा' असं तळटीपेत लिहिलं होतंस. सेक्सिस्ट आणि सेक्शुअल यांत गल्लत करू नकोस. 'बायकांना हिशेब जमत नाही' हे सेक्सिस्ट, पण लैंगिक छळाची तक्रार वेगळी असते आणि तिच्यासाठी २०१३ च्या कायद्याने वेगळी समिती असते. झेनोफोबिया म्हणजे परक्यांचा तिटकारा, एजिझम म्हणजे वयावरून केलेला भेदभाव. बिगट म्हणजे दुसऱ्यांबद्दल आंधळा दुराग्रह धरून बसलेला माणूस. हा शब्द माणसाच्या एखाद्या कृतीला लागत नाही, अख्ख्या माणसाला लागतो, म्हणून तक्रारीत तो कधीच नको.

नवा ईमेल चार भागांत लिही. पहिल्या भागात दोन कॉल: तारीख, वेळ, निमंत्रणातून नाव कधी निघालं, कारण काय सांगितलं. दुसऱ्यात मीटिंगमधली नक्कल आणि तिथे कोण कोण हजर होतं. तिसऱ्यात डब्याच्या वेळचं वाक्य, मराठीत, देवनागरीत, जसं म्हटलं तसं, आणि खाली त्याचं इंग्रजी. शेवटी एकच वाक्य, की यातली पहिली घटना मी डिस्क्रिमिनेशन समजते, दुसरी हॅरासमेंट आणि तिसरी कास्टिस्ट रिमार्क, आणि तिन्हींवर तुमचं लेखी उत्तर हवं. आधीचा ईमेल मागे घेते असं लिहू नकोस. 'आधीच्या तक्रारीचा तपशील सोबत देत आहे' असं लिही, म्हणजे पहिली तारीख कायम राहील.

पाठवण्याआधी मसुदा मला दाखवायचा असेल तर याच पत्त्यावर पाठव, कंपनीचं आणि माणसांचं नाव खोडून. तुझी मीटिंगमधली वाक्यं मात्र खोडू नकोस, 'करून राहिली'सकट येऊ दे.